पट्टा कुणाचा, आखाडा कुणाचा?

कुस्ती हा काही आपला विषय नाही, असे आपल्या चळवळीतल्या बहुतेकींना वाटते. घरातल्या मारहाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांनी मारामारीच्या खेळाकडे कशाला बघायचे, हा प्रश्न मला शिबिरांमधून विचारलाही गेला आहे. माझे म्हणणे उलट आहे. बाईच्या ताकदीला समाज कुठे जागा देतो, किती देतो, कुणाच्या हातून देतो आणि मनात आले की कशी काढून घेतो, हे कुस्तीत जितके उघड दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून या लेखात एका पट्ट्याची आणि एका गदेची हकिकत मांडते आहे. पट्टा अमेरिकेतला आहे आणि गदा महाराष्ट्रातली. दोन्हींचा संबंध पोंभुर्ण्यातल्या मुलींशी आहे.

आधी पट्टा.

नव्वदच्या दशकात केबल आले तेव्हापासून डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. ची कुस्ती आपल्या गावांतही पोचली. २००२ पासून तिचे नाव डब्ल्यू.डब्ल्यू.ई. झाले. ज्या घरात टी.व्ही. असे तिथे आळीतली सारी पोरे गोळा व्हायची. पैलवानांच्या चित्रांचे पत्ते दुकानात मिळायचे. यात एक प्रकार जोडीच्या कुस्तीचा. दोघे विरुद्ध दोघे. एक जण आत लढतो, त्याचा जोडीदार दोराबाहेर कोपऱ्यात उभा असतो. आतला थकला, मार खाऊ लागला, की त्याने सरपटत येऊन बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा. हात लागल्याशिवाय बाहेरच्याने आत यायचे नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीत 'जोड' म्हणजे समोरचा, तोडीस तोड असलेला प्रतिस्पर्धी. त्या कुस्तीत जोड म्हणजे आपल्या बाजूची. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या जोडीच्या कुस्तीत बायकांचाही एक पट्टा होता, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९८३ साली व्हेल्व्हेट मॅकइन्टायर आणि प्रिन्सेस व्हिक्टोरिया या दोघी त्या कंपनीच्या पहिल्या विजेत्या जोडीच्या रूपाने पुढे आल्या. पुढच्याच वर्षी प्रिन्सेस व्हिक्टोरियाच्या मानेला गंभीर इजा झाली आणि तिची कुस्ती कायमची संपली. तिच्या जागी डिझिरे पीटरसन आली. १९८५ मध्ये हा पट्टा लेलानी काई आणि ज्युडी मार्टिन यांच्याकडे गेला. १९८८ च्या जानेवारीत जपानच्या नोरियो तातेनो आणि इत्सुकी यामाझाकी या जोडीने तो जिंकला. त्यांची चपळाई पाहून प्रेक्षक उभे राहात. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्येच तो पट्टा पुन्हा काई आणि मार्टिन यांच्याकडे आला. आणि १९८९ मध्ये कंपनीने तो गुंडाळून टाकला. विजेत्या दोघी होत्या, हरल्या कुणीच नव्हत्या. फक्त पट्टा बंद झाला. पुरुषांच्या जोडीचा पट्टा १९७१ पासून चालू होता, तो १९८९ नंतरही चालूच राहिला.

बायकांच्या पट्ट्याचा पाया मुळातच कच्चा होता. बायकांनी एकत्र येऊन तो मिळवलेला नव्हता. कंपनीला त्या वेळी धंद्यासाठी हवा होता म्हणून तो आला, आणि नको झाला तेव्हा गेला. त्या काळी अमेरिकेत बायकांच्या कुस्तीवर एकाच बाईची सत्ता होती. लिलियन एलिसन हे तिचे नाव. आखाड्यात ती फॅब्युलस मूला म्हणून ओळखली जाई. १९५६ पासून जवळपास २८ वर्षे ती स्वतःला अजिंक्य म्हणवत होती. साउथ कॅरोलिनातल्या आपल्या जागेत ती मुलींना शिकवायची. शिकवण्याचे पैसे घ्यायची, राहण्याचे भाडे घ्यायची, कुस्त्या तीच ठरवायची आणि प्रत्येक कुस्तीतला वाटा कापून घ्यायची. तिच्याकडून गेल्याशिवाय मुलीला कुस्तीच मिळत नसे. २००७ मध्ये ती वारली. तिच्या हाताखालच्या काही जणींनी तिच्यावर शोषणाचे गंभीर आरोप केले, तिच्या कुटुंबाने ते नाकारले. २०१८ मध्ये कंपनीने बायकांच्या एका मोठ्या लढतीला तिचे नाव दिले, तेव्हा लोकांनी इतका निषेध केला की काही दिवसांत ते नाव मागे घ्यावे लागले.

'बाईच बाईची शत्रू' असे म्हणून या गोष्टीवर कुणी पडदा टाकेल. पण मूलाला ही सत्ता दिली कुणी? बायकांच्या कुस्तीत लक्ष घालायला वेळ नसलेल्या पुरुष मालकांनी. त्यांना एक मुकादमीण हवी होती, ती मिळाली. तेंदूपत्त्याच्या फळीवर, रोवणीच्या टोळीत, बांधकामाच्या जागी आपण हीच रचना रोज पाहतो. मुकादम बाई असली म्हणून मजुरीचा प्रश्न सुटत नाही.

आता यावर एक आक्षेप येतो, तो खरा आहे म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. ही कुस्ती नुरा असते. कोण जिंकणार, कोण हरणार हे आधी ठरलेले असते. मग अशा नाटकी पट्ट्याचा इतिहास कशाला सांगायचा?

झाडीपट्टीत राहणाऱ्या बाईला हा आक्षेप फारसा अडवू नये. दिवाळीनंतर वडशाहून नाटक मंडळ्या निघतात, गावोगाव मंडईत रात्रभर नाटके होतात. नाटकातले मरण खोटे असते, रडणे लिहिलेले असते. पण त्यात काम करणाऱ्या बाईची रात्र खरी असते, तिचे मानधन खरे असते, रात्री-अपरात्री एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा तिचा प्रवास खरा असतो, आणि तिच्याकडे बघण्याची गावाची नजरही खरी असते. तसेच इथेही आहे. निकाल ठरलेला असला तरी प्रिन्सेस व्हिक्टोरियाची मान खरी होती. आणि निकाल ठरलेलाच असेल, तर तो कोण ठरवतो, बायकांच्या वाट्याला किती वेळ आणि किती पैसा येतो हे प्रश्न आणखी टोकदार होतात. त्यांना हरण्या-जिंकण्याच्या मैदानात उत्तर मिळत नाही, कचेरीत मिळते. आणि कचेरीत बाई नसते.

पट्टा गुंडाळल्यानंतरच्या वर्षांत त्या कंपनीने बायकांना काय दिले? एकमेकींचे कपडे फाडण्याच्या लढती. पुरुष प्रेक्षकांसाठी बाईचे शरीर हाच खेळ झाला. २०१५ च्या फेब्रुवारीत चार जणींची एक जोडीची लढत जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकली, तेव्हा मात्र प्रेक्षकांनीच, त्यांत पुरुषही होते, आवाज उठवला की या बायकांना संधी द्या. त्यानंतर हळूहळू चित्र पालटले. १७ फेब्रुवारी २०१९ रोजी बायकांच्या जोडीचा पट्टा नव्याने सुरू झाला. साशा बँक्स आणि बेली या पहिल्या विजेत्या. मधे गेली ३० वर्षे. एका खेळाडूचे सारे आयुष्यच तेवढे असते.

पण नव्या पट्ट्याचीही कथा सरळ नाही. २०२२ च्या मे महिन्यात साशा बँक्स आणि नाओमी या तेव्हाच्या विजेत्या जोडीने आपले पट्टे अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. विजेती जोडी म्हणून आपल्याला मान दिला जात नाही, अशी त्यांची तक्रार असल्याचे कंपनीनेच आपल्या निवेदनात सांगितले. कंपनीने दोघींना निलंबित केले, दूरदर्शनवर त्यांना दोष दिला आणि पट्टा रिकामा जाहीर केला. ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या दोघींना मिळाला. पट्टा हातात असला तरी त्याची मालकी आपली नसते, हे त्या टेबलावर दिसले.

आता गदेकडे वळू.

आपल्याकडे कुस्ती करणाऱ्या बाईची गोष्ट हमीदा बानू यांच्यापासून सांगावी लागते. मूळच्या उत्तर प्रदेशातल्या, अलीगढला सलाम पैलवानांकडे शिकलेल्या हमीदाबाईंनी चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत पुरुषांशी कुस्त्या केल्या. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असे त्यांनी जाहीर आव्हान दिले होते. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्याला त्यांनी बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. त्याआधी ठरलेल्या पैलवानाने 'बाईशी लढणार नाही' म्हणून माघार घेतली होती. वर्तमानपत्रांनी त्यांचे वजन, उंची, खुराक छापला. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात काय झाले? पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात त्यांनी पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली, तेव्हा त्यांनी तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की बाई म्हणून बंदी नाही. आयोजक तुमच्यासमोर खोटे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. पुरुषांच्या नुरा कुस्त्या तेव्हाही चालत होत्या. खोटेपणाचा दाखला मात्र बाईलाच द्यावा लागला.

पुढे त्यांना युरोपात कुस्तीला जायचे होते. जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी त्यांचे हात मोडले, असे त्यांच्या नातवाने सांगितले आहे. हमीदाबाई नंतर कल्याणला राहिल्या, दुधाचा धंदा केला, पैशाची अडचण आली तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये त्या गेल्या. २०२४ च्या ४ मे रोजी गुगलने त्यांचे चित्र लावले, तेव्हा कितीतरी जणांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. ज्या घरात शिकवले जाते त्याच घरात हात मोडले जातात, हे आपल्याला नवे नाही. आपल्या सल्ला केंद्रांत येणाऱ्या बायकांची कहाणी याहून फार वेगळी नसते.

हमीदाबाईंची कुस्ती थांबली त्याच काळात पुरुषांच्या कुस्तीला मात्र राजमान्यता मिळत होती. १९६१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. पुढे विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा देण्याची प्रथा पडली. जगात बायकांच्या कुस्तीची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत झाली. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ मध्ये अथेन्सला आली. साक्षी मलिकने २०१६ मध्ये रिओत कांस्यपदक आणले. आणि महाराष्ट्रात बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. पुरुषांच्या गदेनंतर ६२ वर्षांनी.

आनंद वाटायचा तो वाटलाच. पण महिन्याभरातच, एप्रिल २०२३ मध्ये, कोल्हापुरात दुसरी महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि अमृता पुजारी विजेती ठरली. एका वर्षात दोन पहिल्या स्पर्धा! कारण राज्यातल्या कुस्ती संघटनेत दोन तट पडले होते आणि दोन्ही तटांना पहिलेपणाचा मान हवा होता. ज्या मुलींसाठी ६२ वर्षे एक गदा निघाली नाही, त्यांच्यासाठी एकाएकी दोन निघाल्या. पुढे २०२५ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यात देवळीला स्पर्धा झाली, तिथे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या भाग्यश्री फंडने अमृता पुजारीला हरवले. विदर्भाच्या मातीत ही गदा आली, याचे समाधान आहेच.

संघटनांचे भांडण हे पुढाऱ्यांचे भांडण आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेचे लागते आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. पैसेवाल्या घरच्या मुलीला गदा ही शोभेची वस्तू असेल. शेतमजुराच्या मुलीला ते पोलीस भरतीचे दार आहे. दोन संघटनांच्या भांडणात तिचे प्रमाणपत्र कोणत्या बाजूला पडले, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरू शकते. आणि भांडण मिटवायला जे बसतात, त्यांत कुस्तीगीर बाई किती असतात?

दिल्लीत तर याहून मोठी लढाई झाली. १८ जानेवारी २०२३ रोजी साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया हे जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते. ते त्यांनी नाकारले. चौकशीसाठी समिती नेमली, तीन महिने गेले, काही झाले नाही म्हणून खेळाडू एप्रिलमध्ये पुन्हा बसले. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २८ एप्रिलला गुन्हे नोंदले गेले. ऑलिंपिक पदक आणणाऱ्या बाईची तक्रार लिहून घ्यायलाही सर्वोच्च न्यायालय लागले. मग आपल्या वस्तीतल्या बाईने ठाण्यात काय अपेक्षा करायची? २८ मे रोजी त्यांना रस्त्यावरून फरफटत गाडीत घातलेले साऱ्या देशाने पाहिले. अल्पवयीन मुलीच्या प्रकरणातला खटला बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात स्वीकारला. बाकीच्या तक्रारींपैकी बहुतेकींवर २०२४ च्या मे महिन्यात आरोप निश्चित झाले. महासंघाची निवडणूक २१ डिसेंबर २०२३ ला झाली आणि ब्रिजभूषण यांच्या जवळचे संजय सिंह अध्यक्ष झाले. त्याच दिवशी साक्षीने आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. त्याच महिन्याच्या शेवटी विनेशने आपले खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार दिल्लीच्या रस्त्यावर ठेवून दिले.

अमेरिकेत टेबलावर पट्टे, दिल्लीत टेबलावर बूट. एकीकडे ठरलेली कुस्ती, दुसरीकडे खरी. एकीकडे खासगी कंपनी, दुसरीकडे राष्ट्रीय महासंघ. तरीही दोन्हीकडे बाईला आपले म्हणणे सांगायला स्वतःचीच कमाई टेबलावर ठेवून उठावे लागले. कारण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत ती कधी बसलेलीच नव्हती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांना हा अनुभव परका नाही. दारूबंदीसाठी आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढले. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने ती उठली. बंदी कितपत यशस्वी झाली यावर आपल्यातही मतभेद आहेत आणि असावेत. पण ज्यांनी ती मिळवली त्यांना उठवताना कुणी विचारले? पट्टा आणि दारूबंदी यांची बरोबरी करायची नाही. पण वरून आलेली गोष्ट वरूनच जाते. खाली गावात तिची यंत्रणा आणि तिच्यावर आपली देखरेख नसेल, तर ती जाताना आपल्याला फक्त वर्तमानपत्रातून कळते.

आता आपल्या तालुक्याकडे बघू. दिवाळीनंतर मंडई भरतात. कुठे शंकरपट, कुठे आमदंगल. पंचक्रोशीतले पैलवान येतात, इनामे लागतात. आखाड्याच्या कडेला बाई कुठे असते? पान-फुटाण्याच्या दुकानावर, नाहीतर घरी पाहुण्यांच्या स्वयंपाकात. शालेय स्पर्धांत मुलींच्या कुस्तीचे गट आहेत, पण शाळेत मॅट नाही, शिकवायला कुणी नाही. मग स्पर्धेच्या आठ दिवस आधी अंगाने दणकट असलेली एखादी पोर शोधायची, तिला दोन डाव दाखवायचे आणि पाठवून द्यायचे. ती पहिल्या फेरीत हरून येते. मग सांगायला मोकळे, की आमच्या मुलींना यात गोडी नाही.

गोडी नाही हे खोटे आहे. याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुले २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर चढली, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. तिला आणि तिच्या सोबत्यांना महिनोन्‌महिने शिकवले गेले, खायला नीट मिळाले, साहित्य मिळाले, म्हणून ती चढली. जंगलातून मोहफुलाची टोपली डोक्यावर घेऊन येणाऱ्या, कमरेत वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या मुलींच्या अंगात ताकद नाही असे म्हणणाऱ्याने एकदा बांधीत उतरून पाहावे. ताकद आहे. पोटभर अन्न नाही, सराव नाही आणि परवानगी नाही. कुस्तीला खुराक लागतो. आपल्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण काय आहे ते आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना विचारा, म्हणजे मुलींची कुस्ती कुठे अडते ते कळेल.

परवानगीचे म्हणाल, तर बचत गटाच्या बैठकीत आया तीनच गोष्टी बोलतात. कपडे कसे घालावे लागतात? कान-नाक मोडले तर लग्न कसे होईल? आणि परगावी शिबिराला पाठवायचे तर तिथे तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? पहिल्या दोन प्रश्नांवर आपण बोलू शकतो. २०१७ मध्ये हरियाणाची कविता दलाल त्याच अमेरिकी कंपनीच्या आखाड्यात सलवार-कमीज घालून उतरली आणि तिने धडाक्यात लढत दिली. कपडा ही मुलीची निवड असू शकते. पण तिसऱ्या प्रश्नाला मागासलेपणा म्हणून उडवून लावू नका. दिल्लीत जे घडले ते त्या आयांनी टी.व्ही.वर पाहिले आहे. त्यांची भीती बरोबर आहे. भीतीवर उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही, एवढेच आपल्याला दाखवून द्यायचे आहे.

त्यासाठी कायद्याचे एक कलम प्रत्येकीला पाठ पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांपुरता नाही. कामाच्या ठिकाणाच्या त्यातल्या व्याख्येत क्रीडा संस्था, मैदान, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा, मग ती निवासी असो वा नसो, स्पष्टपणे लिहिली आहे. तक्रार करणारी बाई कोणत्याही वयाची असू शकते, ती तिथे नोकरीला असायलाच हवी असे नाही. जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी; तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची हवी. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, म्हणजे आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक तालीम, तिथल्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते; योग्य कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान ४ स्त्रिया असल्या पाहिजेत असे आहे. पण ते दिल्लीचे झाले. जिल्ह्याच्या संघटनेत आणि गावच्या मंडई समितीत किती बायका आहेत, हे आपणच विचारायचे आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, गदा मिळाली म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. आपापल्या तालुक्यात तीन-चार कामे हातात घेता येतील. शाळांमध्ये आणि तालुका क्रीडा संकुलात जाऊन विचारा, मुलींसाठी मॅट आहे का, शिकवणारी बाई आहे का, आणि नसेल तर मागणीचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या. जिल्ह्याच्या स्थानिक समितीत कोण आहे, त्यांचा पत्ता काय, हे शोधून शाळेच्या आणि संकुलाच्या भिंतीवर लावायला भाग पाडा. मुली शिबिराला वा स्पर्धेला जातील तेव्हा बरोबर एक बाई गेलीच पाहिजे आणि तिचा खर्च शाळेने दिला पाहिजे, असा ठराव ग्रामसभेत घ्या. आणि पुढच्या मंडईच्या दंगलीत मुलींची एक तरी कुस्ती लागावी, पुरुषांइतक्याच इनामाची, असा आग्रह धरा. गावातले लोक हसतील. हसू द्या. कोल्हापुरात दगड पडले होते, हसण्याने काही मोडत नाही.

जोडीच्या कुस्तीचा नियम पुन्हा आठवा. आतली मार खात असताना बाहेरची कोपऱ्यात उभी असते. ती प्रेक्षक नसते. हात लागला की तिला आत जायचे असते, त्यासाठी तिनेही सराव केलेला असतो, तीही तयार असते. साक्षी-विनेश रस्त्यावर बसल्या तेव्हा त्यांचा हात बराच वेळ नुसताच पुढे होता. आपल्या तालुक्यातली एखादी पोरगी उद्या आखाड्यात उतरेल आणि अडचणीत हात पुढे करील, तेव्हा त्या कोपऱ्यात आपली संघटना उभी असली पाहिजे. स्थानिक समितीचा पत्ता आजच शोधायला घ्या.